शुगर तपासली, चिठ्ठी हातात दिली... आणि पुढं?

14 नोव्हेंबर, म्हणजे जागतिक डायबेटीस दिवस, जवळ आला की जगात कुठंही जा, तोच सीन असतो. एक टेबल, दोन खुर्च्या, मागं बॅनर, बोटाला सुई, मशीनवर आकडा, आकड्याची चिठ्ठी, फोटो, पुढचा माणूस. (तारीख तीच का, तर इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, यांचा तो वाढदिवस.) त्यात 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटीस फेडरेशनचा नवा अ‍ॅटलास आला, 20 ते 79 वयाच्या 58.9 कोटी लोकांना डायबेटीस, म्हणजे दर 9 मोठ्या माणसांत 1, आणि त्यातल्या 10 पैकी 4 हून जास्त जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नाही. झालं, सगळीकडं एकच वाक्य सुरू झालं, 'जनजागृती वाढवली पाहिजे'.

पण जनजागृती म्हणजे करायचं काय, हे विचारलं की बहुतेक जण परत त्या टेबलाकडंच बोट दाखवतात. मला त्या टेबलाबद्दल राग नाहीये. प्रश्न एवढाच आहे की चिठ्ठी खिशात घालून माणूस घरी गेला, मग?

आधी आजार, दोन मिनिटांत

रक्तवाहिन्या म्हणजे रस्ते आणि शुगर म्हणजे मालाचे ट्रक असं समजा. माल पोचवायचाय गोदामात, म्हणजे शरीराच्या पेशींमध्ये, आणि गोदामाचं शटर उघडणारा माणूस म्हणजे इन्सुलिन. टाईप 1 मध्ये हा माणूस कामावरच नसतो, शरीर इन्सुलिन बनवणं जवळजवळ बंद करतं, म्हणून ते बाहेरून घ्यावंच लागतं. टाईप 2 मध्ये माणूस आहे पण शटर गंजलंय, मग एकाच्या जागी चार माणसं लावा, आठ लावा, असं करत करत माणसं पुरवणाराच थकतो. दोन्हीकडं शेवट एकच, ट्रक रस्त्यावर अडकून पडतात आणि वर्षानुवर्षं अडकून राहिले की रस्ताच खचायला लागतो. सगळ्यात आधी खचतात त्या बारीक गल्ल्या, म्हणजे डोळे, किडन्या आणि पायाच्या नसा.

अजून एक शब्द लागणार आहे, एचबीएवनसी. याला बरेच जण 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात आणि ते नाव चांगलंय. बोटातून काढलेली शुगर म्हणजे एका मॅचमधला स्कोअर, आणि एचबीएवनसी म्हणजे अख्ख्या सीझनचं अ‍ॅव्हरेज. 6.5 टक्के किंवा वर असेल तर डायबेटीस, 5.7 ते 6.4 म्हणजे अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या हिशोबानं उंबरठ्यावर. आणि हो, टेबलावरच्या एका आकड्यावरून डायबेटीस ठरत नाही, त्यासाठी लॅबची टेस्ट लागते, हे चिठ्ठी देताना किती वेळा सांगितलं जातं देव जाणे.

8,760 तासांतला 1 तास

साधा हिशोब करू. डॉक्टरकडं वर्षातून चार वेळा गेलात, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं मिळाली (मिळाली तर!), म्हणजे वर्षाचा 1 तास झाला. वर्षात तास असतात 8,760. उरलेले 8,759 तास हा आजार सांभाळतंय कोण? पेशंट स्वतः.

आणि सांभाळणं म्हणजे नुसती गोळी गिळणं नाही. आज चालणं जास्त झालं तर इन्सुलिन तेवढंच घ्यायचं का, ताप आलाय आणि जेवण जात नाहीये तर काय करायचं, रात्री दोनला घाम फुटून हात थरथरायला लागले तर आधी काय, पायाला फोड आलाय पण दुखत नाहीये म्हणजे बरंय की वाईट (वाईट, कारण दुखायला नस जागी लागते). हे सगळे निर्णय घरी, कामावर, प्रवासात घ्यावे लागतात आणि तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो. बहुतेक आजारांत पेशंट प्रवासी असतो आणि डॉक्टर ड्रायव्हर. इथं स्टेअरिंग पेशंटच्याच हातात आहे, आणि आपण काय करतो तर गाडीची चावी देतो, कंपनीचं पुस्तक देतो आणि म्हणतो जपून चालवा हां.

म्हणून 'डायबेटीस शिक्षण' ही एक वेगळी गोष्ट आहे. प्रशिक्षित नर्स, आहारतज्ज्ञ, एज्युकेटर पेशंटला हे निर्णय घ्यायला शिकवतात. जाणकार चार वेळा तरी हे व्हावं म्हणतात, आजार कळला तेव्हा, मग दरवर्षी किंवा टार्गेट गाठता येत नसेल तेव्हा, काही नवीन गुंतागुंत झाली तेव्हा, आणि आयुष्यात किंवा उपचारात मोठा बदल झाला तेव्हा. प्रत्यक्षात? अमेरिकेत 2014 मध्ये एक आकडा आला होता, खासगी विमा असलेल्या, नव्यानं डायबेटीस कळलेल्या लोकांपैकी पहिल्या वर्षात असं शिक्षण घेणारे होते 6.8 टक्के. विमा असूनही.

पण आता सगळं मोबाईलवर मिळतं की!

मिळतं. पोहायचं कसं हेही मोबाईलवर मिळतं. शंभर व्हिडीओ बघा आणि मग खोल पाण्यात उडी मारा.

माहिती आणि येणं यात फरक आहे. शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम पटकन पचणारी साखर घ्या, 15 मिनिटं थांबा, परत तपासा, नाही वाढली तर परत घ्या, हा नियम वाचायला वीस सेकंद लागतात. पण शुगर 62 असताना डोकं नीट चालत नसतं, घाबरून माणूस हाताला लागेल ते खात सुटतो आणि तासाभरानं शुगर 300 होते. ज्यानं हे आधी एकदा करून बघितलंय, साखर कुठल्या खिशात ठेवायची हे ठरवलंय, घरच्यांना सांगून ठेवलंय, त्याचा हात आपोआप तिकडं जातो.

शिकवणारे एक साधी युक्ती वापरतात, पेशंटकडून उलट सांगून घ्यायचं. 'कळलं का?' असं विचारायचंच नाही, कारण या प्रश्नाला जगभरात एकच उत्तर मिळतं, मान हलवून 'हो'. त्याऐवजी, 'मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते सांगा बरं.' चूक निघाली तर ती सांगणाऱ्याची, पेशंटची नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2003 च्या एका अभ्यासात डॉक्टर-पेशंटचं बोलणं रेकॉर्ड करून बघितलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त 12 टक्के गोष्टी पेशंटला कळल्या की नाही हे तपासलं गेलं होतं. बाकीच्या हवेत. आणि ज्यांचे डॉक्टर असं तपासत होते त्यांची तीन महिन्यांची शुगर चांगली निघण्याची शक्यता जास्त होती.

सगळ्यांना एकच पुस्तिका का चालत नाही

आता खरा मुद्दा. लोक वेगवेगळे असतात म्हटलं की डोक्यात पहिलं येतं भाषा. मग काय करतात, तीच पुस्तिका पाच भाषांत छापतात आणि म्हणतात बघा, आमचा कार्यक्रम सर्वसमावेशक. पण ज्याला वाचताच येत नाही त्याला पाचव्या भाषेतली पुस्तिका पण कोरीच. आणि वाचता येणाऱ्यांचं पण आकड्यांचं गणित वेगळं असतं, चांगली शिकलेली माणसं पाकिटावरचं 'प्रति 100 ग्रॅम' वाचून आपण 40 ग्रॅम खाल्लं तर किती हे पटकन सांगू शकत नाहीत (मी पण त्यातलाच).

जेवणाचंच घ्या. ताटाची पद्धत सगळीकडं शिकवतात, अर्धं ताट भाज्या, पाव भाग प्रथिनं, पाव भाग पिष्टमय. छान आहे, मोजायला काही लागत नाही. पण ज्या घरात सगळे एकाच मोठ्या भांड्यातून एकत्र जेवतात तिथं कुणाचं अर्धं आणि कुणाचं पाव? तिथं मुठीचं माप शिकवावं लागतं. आणि एक गोष्ट तर इतक्या वेळा विसरली जाते की हसू येतं, पेशंट वर्गात बसून आहार शिकून घेतो आणि घरी स्वयंपाक दुसरंच कोणीतरी करतं, त्या माणसाला वर्गात बोलावलेलंच नसतं.

मग घड्याळ. 'सकाळी नाश्त्याआधी' असं गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, पण रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्याची सकाळ कुठली? धार्मिक उपवास हा तर मोठाच विषय. 2001 मध्ये 13 देशांत रमजानवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की त्या महिन्यात शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊन दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत टाईप 1 मध्ये साधारण 4.7 पट आणि टाईप 2 मध्ये 7.5 पट होतं. यावर 'उपवास करू नका' एवढंच सांगणारा कार्यक्रम फेल जातो, कारण माणूस उपवास करतोच, फक्त डॉक्टरला सांगत नाही. चालणारा कार्यक्रम आधी एक-दोन महिने बोलावतो, कोणाला धोका जास्त आहे ते बघतो, डोस बदलून देतो, कुठल्या आकड्याला उपवास सोडायचाच हे ठरवून देतो, आणि शुगर तपासल्यानं उपवास मोडत नाही हे धर्माच्या जाणकाराच्या तोंडून सांगायला लावतो. तेच वाक्य नर्सनं सांगितलं तर अर्धे लोक मनातल्या मनात म्हणणार, तुम्हाला काय माहीत.

वयस्कर माणसं हा अजून एक वेगळा गट. 45 वर्षांच्या माणसाला एचबीएवनसी 7 च्या खाली आणा म्हणणं ठीक, पण 82 वर्षांचे, विसरभोळे, एकटे राहणारे आजोबा त्याच टार्गेटच्या मागं लागले तर शुगर एकदम खाली जाऊन बाथरूममध्ये पडतील, म्हणून अशा नाजूक तब्येतीच्या लोकांसाठी 8 च्या आसपासचं टार्गेट पण चालतं. दिसायला कमी झालंय त्यांना बोलणारं ग्लुकोमीटर लागतं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना खुणांची भाषा येणारा माणूस लागतो. प्रेग्नन्सीत शुगर वाढलेल्या बायका तर सगळ्यात सहज निसटतात, बाळ झालं, शुगर नॉर्मल झाली, विषय संपला असं घरचे धरून चालतात. खरं तर त्यांना पुढं टाईप 2 होण्याचा धोका बराच जास्त असतो, बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत टेस्ट आणि मग दर 1 ते 3 वर्षांनी टेस्ट करायची असते. पण तान्हं बाळ घेऊन लॅबच्या लाईनीत उभं कोण राहणार? म्हणून काही ठिकाणी ही आठवण बाळाच्या लसीकरणाच्या दिवसाला जोडतात, तिथं तर ती येणारच असते.

आणि शरीरं पण सारखी नसतात. वजन-उंचीचा जो बीएमआय काढतात त्यात 25 च्या वर जास्त वजन असं जगभर मानतात, पण आशियाई वंशाच्या लोकांना त्याच्या आधीच डायबेटीस गाठतो, म्हणून अमेरिकन डायबेटीस असोसिएशननं 2015 पासून आशियाई लोकांची तपासणी 23 पासूनच सुरू करा असं सांगितलं. 'मी कुठं जाड आहे' म्हणून टेबलासमोरून निघून जाणारा बारीक माणूस कदाचित तोच असतो ज्याला थांबवायला हवं. एचबीएवनसीचं पण तसंच, लोहाची कमतरता असेल तर तो खोटाच जास्त येऊ शकतो, लाल पेशी लवकर तुटत असतील तर खोटाच कमी. ज्या वस्तीत असे रक्ताचे आजार जास्त, तिथं फक्त त्या एका आकड्यावर विसंबून राहिलं की गडबड होते.

डॉक्टरांचं काम शेजारचा माणूस कसं करणार?

हा आक्षेप हमखास येतो आणि तो योग्य पण आहे. उत्तर असं की तो डॉक्टरांचं काम करतच नाही. आरोग्य कार्यकर्ता किंवा 'सोबती' (म्हणजे स्वतः डायबेटीस असलेला, थोडं ट्रेनिंग घेतलेला माणूस) औषध ठरवत नाही, डोस बदलत नाही. तो उरलेल्या 8,759 तासांसाठी असतो. औषध का बंद केलं हे त्याला खरं सांगतात. डॉक्टरला सांगतात 'घेतोय की'.

याचा मला सगळ्यात आवडलेला पुरावा फिलाडेल्फियातला आहे, 2012 चा. शुगर हाताबाहेर गेलेले आफ्रिकन-अमेरिकन माजी सैनिक, तीन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, एकाला शुगर कमी केली तर पैसे, आणि एकाला एक मेंटॉर, म्हणजे तसाच माजी सैनिक, ज्याची शुगर आधी वाईट होती आणि आता आटोक्यात आहे. आठवड्याला एक फोन, बास. सहा महिन्यांनी नेहमीच्या गटात एचबीएवनसी जवळजवळ तिथंच, पैशांच्या गटात साधारण अर्ध्या टक्क्यानं कमी, आणि मेंटॉरवाल्यांचा 9.8 वरून 8.7. पैशापेक्षा फोन भारी पडला. सॅन फ्रान्सिस्कोत गरीब वस्तीतल्या सरकारी क्लिनिकमध्ये 2013 मध्ये सोबती देऊन बघितले तिथं पण सहा महिन्यांत 1.07 ची घट, सोबती नसलेल्यांत 0.3.

कारण मला वाटतं लाज. डायबेटीसमध्ये माणूस सतत परीक्षेला बसल्यासारखा असतो, रिपोर्ट वाईट आला की 'पथ्य पाळत नाही' हा शिक्का बसतो, काही कार्यक्रमांत तर कापलेल्या पायांचे फोटो दाखवून घाबरवतात. घाबरलेला माणूस पुढच्या वेळी येतच नाही, तपासतच नाही. सोबती म्हणतो, अरे माझा पण 11 होता, आणि खोलीतली हवा बदलते.

वेगळे वर्ग म्हणजे भेदभाव झाला की!

होऊ शकतो, हे मान्यच केलं पाहिजे. 'या समाजाचे लोक असंच खातात' असा तक्ता भिंतीला लावून ठेवला की समोरचा माणूस दिसायचा बंद होतो. एकाच समाजातली आजी आणि नात दोन वेगळ्या जगात राहतात. म्हणून गट हा सुरुवातीचा अंदाज असतो, पुढं विचारावंच लागतं, तुमच्याकडं काय शिजतं, कोण शिजवतं, कामाची वेळ काय, औषध परवडतं का.

गाभा मात्र सगळ्यांसाठी एकच ठेवता येतो, हे अमेरिकेतल्या 'डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'नं दाखवलं. 2002 मध्ये निकाल आला, उंबरठ्यावरचे 3,234 लोक, त्यातले जवळजवळ निम्मे अल्पसंख्याक समाजांतले. 7 टक्के वजन कमी आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हे टार्गेट, सोबत कोच. डायबेटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन गोळीनं 31 टक्क्यांनी. आणि हा फायदा सगळ्या वंशगटांत दिसला. टार्गेट तेच, तिथं पोचायचा रस्ता मात्र प्रत्येक कोचनं त्या त्या माणसाबरोबर बसून शोधला.

एवढं करून खरंच फरक पडतो?

पडतो, पण स्वस्तात नाही आणि कायमचा नाही. 2002 मध्ये 31 अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला होता, एचबीएवनसी 1 टक्क्यानं कमी करायला शिक्षणाचे साधारण 23.6 तास लागतात. आणि शिक्षण थांबलं की फायदा ओसरायला लागतो. ब्रिटनमध्ये नवीन पेशंटना 6 तासांचा एक वर्ग देऊन बघितला, तीन वर्षांनी शुगरच्या आकड्यात फरक नव्हता. मला यात नवल वाटत नाही, सहा तासांत शिकलेलं तीन वर्षं टिकलंय असं दुसरं काय आहे आपल्या आयुष्यात?

सोबतींचा मार्ग पण दरवेळी जिंकत नाही. केरळमध्ये उंबरठ्यावरच्या साधारण हजार लोकांवर वस्तीतल्याच माणसांनी चालवलेले गट करून बघितले, 2018 मध्ये निकाल आला, दोन वर्षांत डायबेटीस झाला 14.9 टक्क्यांना, आणि ज्यांना नुसती पुस्तिका दिली त्यांच्यात 17.1 टक्क्यांना. हा फरक योगायोगानं पण येऊ शकतो एवढा लहान. उलट भारतातच 537 नोकरदार पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना दोन वर्षं मोबाईलवर एसएमएस पाठवले, प्रत्येकाची बदलायची तयारी किती आहे ते बघून, तर त्यांच्यात डायबेटीस झाला 18 टक्क्यांना, एसएमएस न मिळालेल्यांत 27. वर मी मोबाईलची टिंगल केली होती ना, तर हे त्याचं उत्तर समजा, माणसाला धरून सतत पाठवलेला मेसेज आणि एकदा बघितलेला व्हिडीओ यात फरक आहे.

आणि तो 1 टक्का किती मोठा? ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी 1 टक्क्यानं कमी असलेल्यांत डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती 37 टक्क्यांनी कमी दिसल्या. डायलिसिसच्या खुर्चीसमोर 23 तासांचा वर्ग महाग वाटत नाही.

परत त्या टेबलाकडं

पुढच्या वेळी असं टेबल दिसलं तर 'किती जणांची शुगर तपासली' हे विचारू नका, तो आकडा बॅनरपेक्षा मोठ्या अक्षरात सांगतील. ज्यांची जास्त निघाली त्यातले किती जण महिन्याभरात लॅबपर्यंत पोचले हे विचारा. आणि पुढच्या वर्षी तीच माणसं परत भेटणार आहेत का? बऱ्याचदा समोरचा माणूस चांगला असतो, मनापासून करत असतो, पण हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

सगळं एका दिवसात उभं राहत नाही हे मलाही कळतं. पण 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलनं एक अगदी साधी गोष्ट छापून सांगितली होती, गरीब पेशंटना शिकवलं आणि अडलं तर करायला एक फोन नंबर दिला, तर शुगर बिघडून इमर्जन्सीत येणाऱ्यांची संख्या चांगलीच घटली. नंबर लिहायला चिठ्ठीची मागची बाजू रिकामीच असते.